जसं लिहिलं, तसंच पोचावं

मुलीच्या लग्नासाठी माहितीपत्रक तयार करायचं म्हणजे काही थोडंथोडकं काम नव्हे. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण, नोकरी, मामांचं आडनाव, अपेक्षा, सगळं नीट ओळीत बसवायचं. उजव्या कोपऱ्यात तिचा छानसा फोटो लावायचा. शुद्धलेखन दोनदा तपासायचं. एवढा खटाटोप करून तुम्ही ते पत्रक समोरच्या मंडळींना फोनवरून धाडता. आणि तिकडे ते उघडतं कसं? फोटो घसरून खाली आलेला, 'अपेक्षा' तेवढ्या दुसऱ्या पानावर एकट्या पडलेल्या, आणि आडनावातल्या जोडाक्षराचे दोन तुकडे! तुम्ही पाठवलंत एक, त्यांनी पाहिलं भलतंच. पहिलं मत व्हायचं ते होऊन बसलं.

दुसरं उदाहरण घ्या. समजा, बचत गटाचा हिशेब तुमच्याकडे आहे. महिन्याचा जमाखर्च टाइप करून तुम्ही सगळ्याजणींना पाठवलात. कुणाचं चुकून बोट लागलं की कुणी मुद्दाम केलं, देव जाणे. पण एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाता जाता पाचशेचे पन्नास झाले. आता पुढच्या बैठकीत जाब कुणाला विचारणार? जिच्या फोनवर आकडा बदलला तिला नाही. कागदाखाली नाव तुमचं, म्हणून तुम्हालाच.

टाइप केलेला कागद मोकळाच पाठवला की हे दोन धोके असतात. एक, तो जसा लिहिला तसा दिसत नाही. दुसरा, तो कुणाच्याही हातून बदलू शकतो. दोन्हींवर उपाय एकच, आणि तो तुमच्या फोनमध्ये आजही आहे. तो कागद पाठवण्याआधी 'पीडीएफ' करायचा. हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. शाळेची नोटीस, विजेचं बिल, आधार, सगळं हल्ली पीडीएफच येतं. पण आलेली पीडीएफ वाचणं वेगळं आणि आपली आपण करणं वेगळं. बऱ्याच घरांत हे काम 'मुलगा आला की करून देईल' किंवा 'झेरॉक्सच्या दुकानात होईल' म्हणून बाजूला पडतं. मैत्रिणींनो, ज्या कागदावर तुमचं नाव, तुमचं खातं, तुमची सही आहे, तो कागद दुसऱ्याच्या हाती का द्यायचा? पाच मिनिटांचं तर काम आहे. चला, आज ते शिकूनच घेऊ.

मळलेलं पीठ आणि भाजलेली नानकटाई

वर्डमध्ये किंवा फोनवर टाइप केलेली फाइल म्हणजे मळलेलं पीठ. ज्याच्या हातात जाईल तो त्याला हवा तसा आकार देणार. फोन बदलला, अक्षरांचा संच बदलला, कागदाचं माप बदललं की ओळी पुढेमागे होतात. त्यात कुणाचं वाईट मनात असावं लागतं असं नाही. ती फाइल बदलण्यासाठीच केलेली असते.

पीडीएफ म्हणजे भाजून काढलेली नानकटाई. आकार ठरला तो ठरला. पानावर प्रत्येक अक्षर कुठे, फोटो कुठे, रेघ कुठे, हे सगळं त्या फाइलमध्येच पक्कं नोंदलेलं असतं. बहुतेक वेळा वापरलेली अक्षरंही आतच बांधून दिलेली असतात. म्हणून ती पुण्यात उघडा, नागपुरात उघडा की मुलगा राहतो त्या अमेरिकेत उघडा, पान तेच दिसतं.

ही सोय कुणाला सुचली तेही सांगण्याजोगं आहे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की या दोघांनी १९८२ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात 'अ‍ॅडोबी' ही कंपनी काढली. वॉर्नॉक यांच्या घरामागून वाहणाऱ्या ओढ्याचं नाव तिला दिलं. कंपनीचं पहिलं बोधचिन्ह रेखाटलं ते त्यांच्या पत्नी मार्वा वॉर्नॉक यांनी. त्या स्वतः चित्ररचनाकार होत्या. १९९१ मध्ये वॉर्नॉक यांनी एक छोटंसं टिपण लिहिलं. त्यात त्यांची तक्रार अगदी आपल्यासारखीच होती. एका संगणकावर केलेला कागद दुसऱ्या संगणकावर आणि कुठल्याही छपाई यंत्रावर तसाच्या तसा दिसेल, अशी सोयच नव्हती. त्या टिपणातूनच १९९३ मध्ये पीडीएफ जन्माला आली. २००८ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने तिला जगाचं मानक म्हणून मान्यता दिली. त्यामुळे आता ती एका कंपनीची मिरासदारी राहिलेली नाही. कुणीही पीडीएफ करणारं साधन बनवू शकतं, आणि म्हणूनच ती करायला पैसे मोजायची गरज नाही.

आपल्या मराठीचं दुखणं

इंग्रजी कागदापेक्षा मराठी कागदाला पीडीएफची गरज जास्त. का ते बघा. गावातल्या डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव अशा अक्षरसंचांत मजकूर टाइप होत आला आहे. त्या पद्धतीच्या जुन्या संचांत खरं तर इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूपाचा मुखवटा चढवलेला असतो. तो संच ज्या संगणकावर नाही तिथे मुखवटा गळून पडतो आणि तुमच्या सुरेख निमंत्रणाच्या जागी इंग्रजी अक्षरांची अगम्य भेळ दिसते. अशा दुकानातून मजकूर करून घेतलात तर पीडीएफ मागूनच घ्या. ती सगळीकडे वाचता येईल.

पण त्यातही एक खोच आहे. अशा पीडीएफमधला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवायला गेलात की पुन्हा तीच भेळ. तेव्हा स्वतः टाइप करताना 'युनिकोड' मराठीत करा. घाबरू नका, फोनवरचा मराठी कळफलक युनिकोडच लिहितो. तुम्ही भावजयीला रोज जे मराठी निरोप लिहिता ते सगळे युनिकोडमध्येच असतात.

भट्टी कुणाची?

आता मुख्य मुद्दा. ही नानकटाई भाजायची कुठे?

तुम्ही गूगलवर 'वर्डची पीडीएफ करा' असं शोधलंत की डझनावारी ठिकाणं समोर येतात. फाइल इथे टाका, बटण दाबा, पीडीएफ घेऊन जा. पैसे नाहीत, नावनोंदणी नाही. सोय म्हणून उत्तमच. पण बटण दाबल्यावर होतं काय, हे समजून घ्या. तुमची फाइल तुमच्या फोनमधून निघते आणि इंटरनेटवरून दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर जाऊन बसते. तो संगणक बहुधा परदेशात असतो. तिथे तिची पीडीएफ होते आणि ती तुम्हाला परत मिळते. मूळ फाइल मात्र तिकडेच राहिलेली असते. नामांकित ठिकाणं सांगतात की तासा-दोन तासांत आम्ही ती पुसून टाकतो. त्यांचा शब्द ते पाळतही असतील. पण शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे आपल्या हाती काही नसतं.

पूर्वी दिवाळीच्या आधी आपण पीठ, साखर, तूप घेऊन बेकरीत जात असू आणि नानकटाई भाजून आणत असू, आठवतं ना? आपला नंबर येईपर्यंत तिथेच उभं राहायचं, आपला पत्रा कुठला यावर डोळा ठेवायचा. इथे तसा डोळा ठेवता येत नाही. आणि नानकटाईत लपवण्यासारखं काही नसतं. कागदात असतं. जन्मतारीख, पॅन नंबर, खाते क्रमांक, सही, मुलीचा फोन नंबर, घराचा पत्ता! एवढी शिदोरी एकाच पानावर मिळाली तर चोराला आणखी काय हवं?

ही नुसती शंका नव्हे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेच्या डेन्व्हर कार्यालयाने याच बाबतीत जाहीर इशारा दिला होता. एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून देणाऱ्या काही फुकट साधनांतून संगणकात घातक प्रोग्रॅम शिरवले जातात, आणि त्यांच्याकडे दिलेल्या कागदांतून ओळख क्रमांक, बँकेची माहिती, पासवर्ड असं सगळं उचललं जातं, असं त्यात म्हटलं होतं. यातली लबाडी लक्षात घ्या. सांगितलेलं काम ती साधनं बऱ्याचदा खरोखर करून देतात. पीडीएफ हातात पडते, म्हणून आपल्याला संशयच येत नाही.

मग काय, ही ठिकाणं वापरायचीच नाहीत? तसंही नव्हे. हळदीकुंकवाचं निमंत्रण, मंडळाच्या सहलीचा कार्यक्रम, दिवाळी फराळाचं दरपत्रक, शंकरपाळ्यांची कृती, असा चारचौघांत वाटायचाच कागद असेल तर खुशाल करा. फक्त एखाद्या माहितीतल्या ठिकाणाचाच पत्ता वापरा. शोधल्यावर वरवर दिसणाऱ्या जाहिरातींवर बोट ठेवू नका, आणि 'आधी हा प्रोग्रॅम घाला' असं कुणी म्हटलं तर तिथूनच मागे फिरा.

पण बँकेचा अर्ज, पगाराची पावती, मृत्युपत्राचा मसुदा, डॉक्टरांचे कागद, भाडेकरार, लग्नाचं माहितीपत्रक, हे कागद परक्या भट्टीत घालू नका. त्यांच्यासाठी घरचा ओव्हन आहे.

घरचा ओव्हन

होय, आहेच. बहुतेक जणींना पत्ताच नसतो, एवढंच. कृती लिहून ठेवा.

संगणकावर वर्ड असेल तर: कागद पूर्ण झाला की 'फाइल'मध्ये जा, 'सेव्ह अ‍ॅज' निवडा, आणि फाइलचा प्रकार विचारतात तिथे 'पीडीएफ' घ्या. झालं. मूळ फाइल जागेवर राहते, शेजारी पीडीएफ तयार होते.

वर्ड विकत घेतलेलं नसेल तर: 'लिबरऑफिस' हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. त्यात थेट पीडीएफ काढण्याचं बटण वरच्या पट्टीतच असतं.

संगणकावर काहीही उघडलेलं असो: 'कंट्रोल' आणि 'पी' ही दोन बटणं एकदम दाबा. छापण्याचा चौकोन येईल. तिथे छपाई यंत्राच्या नावाऐवजी 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' किंवा 'प्रिंट टू पीडीएफ' निवडा. कागदावर छापण्याऐवजी पीडीएफवर छापलं जातं. ही युक्ती एकदा कळली की तिकीट असो, पावती असो की एखादी पाककृती, सगळ्याला चालते.

फोनवर: 'गूगल डॉक्स' उघडा. तुमचा कागद उघडून वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा. 'शेअर अँड एक्स्पोर्ट' असं दिसेल. त्यात 'सेंड अ कॉपी' घ्या आणि 'पीडीएफ' निवडा. मग ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची की ईमेलवर, ते फोनच विचारतो.

इथे एखादी चाणाक्ष मैत्रीण विचारेल, 'अहो, गूगल डॉक्ससुद्धा इंटरनेटवरच असतं ना?' अगदी बरोबर. तिथला कागद गूगलकडे, तुमच्या खात्यात ठेवलेला असतो. फरक इतकाच की तो आधीपासून तिथेच आहे. पीडीएफसाठी आणखी एका तिऱ्हाइताच्या हाती जात नाही. ज्यांना तेवढंही नको असेल त्यांनी संगणकावरची वर्ड किंवा लिबरऑफिसची वाट धरावी, आणि फाइल संगणकातच साठवावी.

घरी करण्याचा आणखी एक फायदा म्हणजे मराठी अक्षरं. परक्या ठिकाणी तुमचा मराठी अक्षरसंच नसेल तर शब्दांच्या जागी कोरे चौकोन येतात, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते. आपल्या यंत्रावर जे पडद्यावर दिसतं, तेच सहसा पीडीएफमध्ये उतरतं.

आणि झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात जावंच लागलं तर? जरूर जा, पण शक्यतो कागद घरून पीडीएफ करूनच न्या. दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल त्याच्या फोनमध्ये आणि संगणकात, दोन्हीकडे राहते. काम झालं की 'भाऊ, आता ती पुसून टाका' असं सांगायला संकोच करू नका, आणि ती आपल्यासमोरच पुसून घ्या. त्यात त्याचा अपमान नाही, आपली काळजी आहे. तिथल्या संगणकावर स्वतःचं ईमेल उघडलं असेल तर उठण्यापूर्वी आठवणीने बंद करा.

बंद म्हणजे कुलूपबंद नव्हे

पीडीएफला पुष्कळजणी 'फक्त वाचायची फाइल' म्हणतात. रोजच्या व्यवहाराला ते पुरेसं खरं आहे. चुकून बोट लागून आकडा बदलणार नाही, ओळ पुसली जाणार नाही. पण मुद्दाम बदलायचंच ठरवलं तर पीडीएफ बदलणारे प्रोग्रॅमही मिळतात. तेव्हा पीडीएफ केली की आपण निर्धास्त, असं समजू नका. दरवाजा लोटून घेतला आहे, कुलूप लावलेलं नाही, एवढंच.

कुलूप हवं असेल तर पासवर्ड घालता येतो. विंडोजवरच्या वर्डमध्ये पीडीएफ करतानाच 'ऑप्शन्स'मध्ये त्याची सोय आहे. लिबरऑफिसमध्येही आहे. पासवर्डाचे दोन प्रकार असतात. एकाशिवाय फाइल उघडतच नाही. तो खरा पक्का. दुसरा नुसतं 'छापू नका, बदलू नका' असं बजावतो. हे बजावणं सगळेच प्रोग्रॅम ऐकतात असं नाही. महत्त्वाच्या कागदाला पहिलाच घाला. आणि पासवर्ड त्याच निरोपात लिहून पाठवू नका. फाइल ईमेलने पाठवलीत तर पासवर्ड फोन करून सांगा. कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत घालून दिली तर कुलपाचा उपयोग काय?

पासवर्ड कसा असावा, याचा विचार ई-आधारवरून करता येईल. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल. ओळखीच्या माणसाला तो सहज कळेल. म्हणजे ई-आधार पासवर्डाचं आहे म्हणून ते कुठेही पाठवायला हरकत नाही, असं नव्हे. आपण स्वतः पासवर्ड ठरवाल तेव्हा नाव आणि जन्मसाल सोडून दुसरं काही घ्या. आणखी एक. हा पासवर्ड काढून देणारी ठिकाणंही इंटरनेटवर असतात. त्यांना आपण आधारही देतो आणि त्याची किल्लीही! तसं करू नका. जिथे आधारचा पूर्ण क्रमांक द्यायची गरज नाही तिथे 'मास्क्ड आधार' द्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळतं.

झाकण्यावरून एक फार मोलाची गोष्ट. खाते क्रमांक दिसू नये म्हणून त्यावर काळी पट्टी ओढली की झालं, असं आपल्याला वाटतं. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत नामांकित वकिलांनाही असंच वाटलं होतं. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या २०१६ च्या निवडणूक मोहिमेचे एकेकाळचे प्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात एक पीडीएफ दाखल केली. गोपनीय मजकुरावर काळ्या पट्ट्या होत्या. पण त्या पट्टीखालची अक्षरं फाइलमध्ये तशीच होती. वार्ताहरांनी मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला आणि सगळं उघड झालं. वकिलांची ही गत, तर आपलं काय? म्हणून जे दाखवायचं नाही ते मूळ फाइलमधूनच काढून टाका, तिथे फुल्या टाइप करा, आणि मग पीडीएफ करा. जे फाइलमध्ये नाहीच, ते कुणी काढणार कुठून?

आणि कागद खरोखर बदललेला नाही हे सिद्धच करायचं असेल तर लागते ती डिजिटल सही. ई-आधारवर ती असते. महसूल खात्याकडून घेतलेल्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावरही असते. सहीनंतर फाइलमध्ये एखादं अक्षर जरी बदललं तरी तपासणीत ते कळून येतं. घरगुती हिशेबाला एवढी गरज नाही. तिथे साधा उपाय पुरतो. प्रत्येक पानावर तारीख आणि पान क्रमांक घाला, एकूण रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहा, आणि जी पीडीएफ पाठवली तिची एक प्रत स्वतःच्या ईमेलवरही पाठवून ठेवा. पुढे कधी वाद झालाच तर तुमची प्रत तारखेसकट तुमच्याकडे असेल. पाचशेचे पन्नास कुणी केले हे ठरवता आलं नाही तरी ते तुम्ही केले नाहीत, हे तरी दाखवता येईल.

दारात आलेली फाइल

आपण पाठवतो तशा फाइली आपल्याकडे येतातही. २०२४ च्या लग्नसराईत हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनी लोकांना सावध केलं होतं. अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एक फाइल यायची. ती पत्रिका नसून फोनमध्ये शिरणारा प्रोग्रॅम असायचा. ओळखायचं कसं? फाइलच्या नावाची शेपटी बघा. पत्रिका असेल तर शेवटी 'डॉट पीडीएफ' असेल, नाहीतर साधा फोटो असेल. शेवटी 'डॉट एपीके' असेल तर ती पत्रिका नव्हेच. बोटही लावू नका. ओळखीच्या नंबरवरून आली तरी आधी फोन करून विचारा. कदाचित त्यांचाच फोन कुणी ताब्यात घेतलेला असेल. आणि फसवणूक झालीच तर रडत बसू नका, की घरी रागावतील म्हणून लपवू नका. लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. पैशाच्या बाबतीत जितक्या लवकर कळवाल तितका पैसा अडवला जाण्याचा संभव जास्त.

पाठवण्यापूर्वी एवढं बघा

पीडीएफ झाली की स्वतः उघडून सगळी पानं पाहा. शेवटचं पान कोरं तर नाही ना? जोडाक्षरं शाबूत आहेत ना?

अक्षर मोठं ठेवा. पीडीएफची ओळ फोनच्या रुंदीप्रमाणे मोडत नाही. बारीक अक्षर असेल तर सासूबाईंना बोटांनी पान मोठं करून इकडून तिकडे सरकवत बसावं लागतं.

फाइलला नीट नाव द्या. 'नवीन १ फायनल' असं नाव तुमच्या लक्षात राहणार नाही आणि समोरच्याला कळणार नाही. 'भिशी हिशेब, जून' असं सुटसुटीत असावं.

दुसऱ्या कुणाच्या माहितीपत्रकावरच आपल्या मुलीची माहिती भरून पीडीएफ केली असेल तर सावध! फाइलच्या अंगात 'शीर्षक' आणि 'लेखक' अशा नोंदी लपलेल्या असतात. उघडताना वरच्या पट्टीत कधीकधी त्या दिसतात. आतल्या पानावर तुमची लेक आणि वर नाव शेजारच्या मुलीचं, असं नको व्हायला. नवा कागद घेऊन त्यावरच टाइप करणं बरं.

मूळ फाइल टाकून देऊ नका. भाजलेल्या नानकटाईचं पुन्हा पीठ होत नाही. पुढच्या महिन्यात आकडे बदलायचे असतील तर मूळ फाइलच लागेल.

आणि सगळ्याचीच पीडीएफ करू नका. सहलीला कोण काय आणणार ही यादी सगळ्याजणींनी मिळून भरायची असेल, निबंधावर बाईंकडून दुरुस्त्या हव्या असतील, तर फाइल मोकळीच ठेवा. शेवटचा शब्द ठरला की मगच पक्की करा.

पूर्वी घरातले महत्त्वाचे कागद कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात असायचे आणि किल्ली गृहिणीच्या कमरेला. आता डब्याच्या जागी फोन आला आहे. किल्ली दुसऱ्याच्या कमरेला जाता कामा नये, एवढंच. आज दुपारी कामं आटोपली की एक छोटासा कागद टाइप करा. हवं तर वाणसामानाची यादीच करा. तिची घरच्या घरी पीडीएफ करा आणि बहिणीला पाठवून विचारा, 'जसं लिहिलंय तसंच दिसतंय ना गं?' तिचं 'हो' आलं की पुढचा बँकेचा अर्ज कुणाकडे घेऊन जायचा हा प्रश्न तुम्हाला पडणारच नाही.